सकाळचं घर, संध्याकाळचं घर

माझ्या भावाच्या बायकोला तिच्या कामावर सगळे मुंगी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं आहे. बाई उंचीने बेताची, अंगाने काटकुळी, आणि इकडची वस्तू तिकडे नेत नाही अशी मी तिला अजून पाहिलेली नाही. लग्नाआधी भाऊ तिला पहिल्यांदा माझ्याकडे घेऊन आला तेव्हा चहा झाल्यावर तिने कपबशा विसळल्या, ओटा पुसला, आणि जाता जाता दाराशी ठेवलेली रद्दी खाली नेऊन टाकून दिली. ती रद्दी नव्हती, माझी मासिकं होती. पण म्हटलं, जाऊ दे. नवीन माणूस.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. लोकांना काय काय दिसत नाही ते ऐकून घेण्यात माझी निम्मी हयात गेली. माणूस जवळचा असला तरी मला तो जरा लांब धरूनच नीट वाचता येतो. तेव्हा माझ्या सांगण्यात कुणाला ओलावा कमी वाटला तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजावा, मुंगीचा नव्हे.

मुंगी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. धुतलेल्या, पिळून निघालेल्या चादरी तिथे एका लांबलचक तापलेल्या रोलरमधून काढतात. एका बाजूने दोघीजणी ओली चादर आत सरकवतात, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक आणि चटका बसेल इतकी गरम बाहेर येते. मुंगी या दुसऱ्या बाजूला उभी असते. समोर तिची जोडीदारीण. दोघींनी दोन दोन टोकं पकडायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. तोंडाने गप्पा चाललेल्या असतात आणि घडी मात्र काटेकोर. गंमत अशी की स्वतःच्या घरात मुंगीला चादरीची घडी घालता येत नाही. दुसरी टोकं धरायला समोर माणूस लागतं, आणि तिच्या घरात समोर माणूस कधी नसतंच. ती चादर गुंडाळून फळीवर कोंबते.

समोर माणूस नसतं याचं कारण माझा भाऊ बस डेपोत दुपारच्या शिफ्टला असतो आणि मुंगी सकाळच्या. तो रात्री परततो तेव्हा ती झोपलेली असते, आणि दोघांच्या सुट्याही वेगवेगळ्या दिवशी. तो ब्रेकचं काम करतो. तिथे त्याला ब्रेकवालाच म्हणतात आणि तो त्याच नावाला ओ देतो. मुलगी झाली, मुंगीची रजा संपली, तेव्हा बाळाला सांभाळायला कोण हा प्रश्न आला. मुंगीला आईवडील नाहीत, आमचेही कधीच गेले, आणि मी दुकान सोडून बसू शकत नाही. मग या दोघांनी ठरवलं की शिफ्ट बदलायच्याच नाहीत. सकाळी बाळ बापाकडे, दुपारनंतर आईकडे. मधली देवाणघेवाण हॉस्पिटलच्या गेटबाहेरच्या बाकावर.

ही देवाणघेवाण मी कितीतरी वेळा पाहिली आहे. भाऊ बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून आणतो. मुंगी धावत बाहेर येते, हात गरम, केस ओले. तो बाळ तिच्या हातात देतो, खांद्यावरची पिशवी तिच्या खांद्यावर अडकवतो, आणि त्याची बस येईपर्यंत जेवढा वेळ असेल तेवढा त्यांचा संसार. काय खाल्लं, किती झोपली, गॅस संपत आलाय, घरमालक काय म्हणाला, सगळं तिथे. गेटवरचा वॉचमन बाळाला गाठोडं म्हणायचा. "आलं का गाठोडं?" म्हणून लांबूनच ओरडायचा. पुढे आम्हीही गाठोडंच म्हणायला लागलो. लग्नाला चार वर्षं झाली तरी या दोघांचं धड एक भांडण पूर्ण झालेलं नव्हतं. रंगात आलं की बस यायची.

राहायला त्यांची भाड्याची खोली होती. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, आणि तिच्या पुढ्यात भिंतीसारखी उभी असलेली एक उंच इमारत. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा. कपडे वाळायचे नाहीत. मुंगी जगाच्या चादरी वाळवायची आणि तिच्या लेकीची लंगोटं मात्र तीन तीन दिवस दमट. शेवटी ती पिशवीत भरून कामावर न्यायची आणि रोलरच्या कडेच्या पाइपवर पसरायची. सुपरवायझर बाई भली. त्या बाजूला बघायचीच नाही.

अशात त्यांनी घर घ्यायचं काढलं. कर्जाची सगळी जुळवाजुळव भावाने केली, तिच्यात मी शिरत नाही. मुंगीची अट एकच होती. ती मला माझ्या दुकानात येऊन, गाठोड्याला काउंटरवर बसवून सांगून गेली.

"ताई, घर लहान असू दे. लांब असू दे. जिने चढायला लागू देत. पण संध्याकाळी ऊन पाहिजे."

"ऊन काय घरात घेऊन चाटायचंय?" मी म्हणाले.

"मी तिला घरात ट्यूबलाइटमध्येच बघितलंय," ती म्हणाली. "माझ्याकडे ती चार-पाच तास असते. त्यात निम्मा वेळ पेंगते. जेवढी जागी आहे तेवढी तरी मला उन्हात दिसू दे."

मी गाठोड्याच्या हातातून एक काडी तुटलेला चष्मा काढून घेतला.

घरं बघणंही अर्थात शिफ्टमध्येच चालायचं. एजंट सकाळी भावाला दाखवायचा. त्याला पसंत पडलं तर तेच घर दुपारनंतर मुंगी बघायची. त्या वेळी एजंट दुसरीकडे असायचा, म्हणून त्याचा मेहुणा किल्ली घेऊन यायचा. हा मेहुणा बोलायला गोड आणि कामाला यथातथा. बरीच घरं अशी प्रत्येकी दोन हप्त्यांत पाहून झाली. कुठे अंधार, कुठे ओल, कुठे खिडकी उघडली की समोरच्याच्या ताटात हात जाईल. भाऊ थकला होता. मुंगी थकत नाही, पण तीही बाकावर जरा गप्प गप्प बसायला लागली होती.

आणि मग एका नव्या बिल्डिंगमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर भावाला आवडलं. सकाळी तो गेला तेव्हा आतल्या खोलीत भिंतीपर्यंत ऊन आलेलं होतं. गाठोड्याला त्याने त्या उन्हात खाली ठेवलं तर ती स्वतःच्या सावलीला धरायला लागली. दुपारी बाकावर त्याने मुंगीला घाईघाईने सगळं सांगितलं आणि बसमध्ये चढता चढता ओरडला, "बघच तू!"

मुंगी त्याच दिवशी गेली. मेहुण्याने दार उघडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत भिंतीपर्यंत ऊन. तिरपं, पिवळं, संध्याकाळचं. तिने गाठोड्याला खाली ठेवलं आणि स्वतःही तिथेच फरशीवर बसली. मेहुणा म्हणे दोनदा खोकला, तरी उठेना.

दुसऱ्या दिवशी बाकावर दोघंही हवेत होती. दिवसभर ऊन असलेलं घर! असं घर असतं का, हा प्रश्न या दोघांना पडायला हवा होता. मलाही पडायला हवा होता, कारण दोघांनी वेगवेगळं येऊन मला सगळं सांगितलं होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला कोण सूर्याची दिशा विचारतं? बारीकसारीक खटके उडाले, नाही असं नाही. तो म्हणाला, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. ती म्हणाली, मैदान कुठलं, पाण्याची टाकी दिसते. तो म्हणाला, तू दुसऱ्या खोलीतून बघितलं असशील. तो म्हणाला, स्वयंपाकघर आत शिरल्यावर डाव्या हाताला. ती म्हणाली, उजव्या. तो म्हणाला, तुला डावं-उजवं कधी कळलंय? ते मात्र खरं आहे, तिला कळत नाही. त्यामुळे तीही हसली आणि विषय मिटला. एजंटला होकार गेला.

करार करायच्या आधी एकदा दोघांनी मिळून घर बघावं, असं मीच सुचवलं. पडदे, कपाट, पाळणा कुठे ठेवायचा ते तिथे उभं राहून ठरवता आलं असतं. दोघांनी रजा टाकली. एकत्र रजा त्यांनी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घेतली असावी. मी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. एजंट आणि मेहुणा, दोघंही हजर.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. भाऊ पुढे होता, तो बोलत बोलत डावीकडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मुंगी गाठोड्याला घेऊन उजवीकडच्या.

दोघंही आपापल्या दाराशी, किल्लीची वाट बघत.

"अगं, इकडे," भाऊ म्हणाला.

"अरे, इकडे," मुंगी म्हणाली.

एजंटने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने जिन्याकडे पाहिलं. मग एजंटने त्याची जी काही हजेरी घेतली ती ऐकून खालच्या मजल्यावरचा गवंडी वर बघायला आला. मजल्यावरची दोन्ही घरं विकायची होती. एकाला आरसा दाखवावा तसं दुसरं, फरशीसुद्धा तीच. सकाळचं ऊन डावीकडे, संध्याकाळचं उजवीकडे. एजंटने दोन्ही दारं उघडली. "दोन्हीचा भाव एकच आहे," तो म्हणाला. "जे पाहिजे ते घ्या." त्याच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

आणि मग माझ्या भावाचं आणि मुंगीचं पहिलं पूर्ण भांडण झालं. बस येणार नव्हती.

"लहान मुलाला सकाळचं ऊन लागतं," भाऊ म्हणाला. "डॉक्टरपण तेच सांगतात."

"सकाळी मी नसते."

"तू नसतेस, पण ती असते ना!"

"संध्याकाळी नसते का ती? मी तुला पहिल्यापासून सांगितलंय, मला संध्याकाळचं पाहिजे. बाकी मी काही मागितलं का?"

"मागण्याचा प्रश्नच नाही. संध्याकाळी पोरगी दमलेली असते, ती काय करणार उन्हात?"

"काय करणार म्हणजे? रांगेल! आत्ता कुठे माझ्यासमोर रांगायला लागलीय ती..."

"तुझ्यासमोर कुठली? पंधरा दिवस आधीच रांगायला लागली होती!"

दुसऱ्यांचे ब्रेक नीट करण्यात माझ्या भावाचा जन्म गेला, पण स्वतःच्या तोंडाला त्याला तो वेळेवर लावता आला नाही. बोलून गेला आणि पांढराफटक पडला. मुंगीने गाठोड्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पण मी बाकावर सांगितलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास," ती म्हणाली.

"तू एवढी खूश होतीस. कसं सांगणार?"

"वॉचमनला माहीत होतं?"

भाऊ गाठोड्याचं दुपटं सारखं करायला लागला.

"ताई, तुम्हाला?"

मला माहीत होतं. भावाने त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं, आणि कुणाला बोलू नकोस असंही बजावलं होतं. मी मान हलवली. खोटं बोलण्यासारखी ती वेळ नव्हती.

"दात?" मुंगीने विचारलं.

"तो पण," भाऊ म्हणाला.

"टाळ्या वाजवणं?"

"ते पण सकाळीच."

"धरून उभी राहिली ते?"

मुंगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने चप्पल काढली आणि गाठोड्याला घेऊन डावीकडच्या घरात गेली, एकटीच. आम्ही बाहेर उभे. एजंटने खिशातून मोबाइल काढला आणि उगाच बघत बसला. भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तिला वाईट वाटू नये म्हणूनच ना, ताई?" मी त्याला म्हणाले, "तेच तर चुकलं."

दार उघडंच होतं, त्यामुळे मला ती दिसत होती. सकाळ संपत आली होती. ऊन भिंतीवरून उतरून खिडकीखाली उरलं होतं. मुंगीने गाठोड्याला तिथे ठेवलं. गाठोडं लगेच चार पायांवर झालं आणि उन्हाच्या कडेकडेने रांगत सुटलं, तोंडाने काहीतरी बडबडत. इतकी चलाख मी तिला संध्याकाळी कधी पाहिलेली नाही. मुंगी भिंतीला टेकून बघत राहिली. आपली मुलगी सकाळी अशी असते, हे तिला रविवारी दिसत असणार. पण रविवारी धुणं असतं, बाजार असतो, आणि ती मुंगी आहे. बसून असं कधी बघितलं नसावं.

ती बाहेर आली. "डावीकडचं घेऊ," एजंटला म्हणाली.

"हे बघ, रागाने नको," भाऊ म्हणाला. "तुला उजवीकडचं पाहिजे तर उजवीकडचं घेऊ. खरंच."

"रागाने नाही. तिचं सगळं सकाळी होतं, मग उजेड सकाळीच पाहिजे ना? माझ्याकडे येते तेव्हा दमलेली असते. तेव्हा दिव्यावर भागेल." मग ती त्याच्याकडे वळली. "पण इथून पुढे मला सगळं सांगायचं. त्याच दिवशी. मला पहिलं बघायला नाही मिळालं तर नाही मिळालं. खोटं पहिलं मला नको."

भाऊ "बरं" म्हणाला. तो एवढंच म्हणू शकतो. पण त्याने तिची चप्पल पायाने सरळ करून तिच्यापुढे सरकवली, आणि मी पाहिलं, मुंगीने ती घालताना त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

घर झालं. लंगोटं खिडकीत एका सकाळीत वाळायला लागली. मुंगी घरी पोचते तेव्हा ऊन केव्हाच पलीकडच्या घराकडे गेलेलं असतं, आणि पलीकडचं घर घेतलेल्या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात जाडजूड पडदे लावून टाकले. त्यांना ऊन सोसत नाही. मुंगीने आजवर कुणाचं वाईट चिंतलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या गृहस्थांबद्दल जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. रोज संध्याकाळी ती दिवा लावते, गाठोड्याला भरवते, आणि गाठोडं घास तोंडात ठेवूनच पेंगतं. मला सांगताना ती तक्रार म्हणून सांगत नाही. पण मला वाईट वाटतं, आणि ते मी तिला एकदा सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "ताई, सवय होते." झालेली नव्हती.

परवा वॉचमनचा चष्मा तयार झाला म्हणून मी तो द्यायला हॉस्पिटलच्या गेटवर गेले होते. लाँड्रीची शिफ्ट सुटायची वेळ. भाऊ बाकावर बसला होता, गाठोडं मांडीवर. माझ्याकडे बघून हसला नाही की काही नाही. कपाळावर घाम. मुंगी धावत आली, तिने हात पुढे केले, आणि त्याने बाळ दिलंच नाही.

"काय झालं? ताप आहे का?"

"नाही." त्याने गाठोड्याचं टोपडं सरळ केलं. "आज चालली."

मुंगी तशीच उभी राहिली. हात पुढे केलेले तसेच. मागून तिच्या जोडीदारणी गेटमधून बाहेर पडत होत्या, एकदोघी थांबल्या.

"कशी?" ती म्हणाली.

"चालली म्हणजे... चालली. कपाटापासून माझ्याकडे."

"कशी ते सांग ना."

आता माझ्या भावाला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. त्याने मग गाठोडं माझ्याकडे दिलं आणि उठला. डेपोचा निळा युनिफॉर्म, पायात जडशीळ बूट, चाळिशीला आलेला माणूस. त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले, पोट पुढे काढलं, आणि फुटपाथवर डुलत डुलत एक पाय टाकला. मग दुसरा. मधेच थबकला, आपण काय करतोय याचं स्वतःलाच नवल वाटल्यासारखं खाली पायांकडे बघितलं, आणखी एक पाऊल घाईत टाकलं, आणि भर रस्त्यात लोकांसमोर बुडावर आपटला.

वॉचमन नवा चष्मा सावरत खो खो हसला. जोडीदारणी हसल्या. मुंगी हसली नाही. ती पापणी न हलवता बघत होती.

"रडली?" तिने विचारलं.

"नाही. हसली."

"कशी?"

त्याने तेही करून दाखवलं, खाली बसल्या बसल्या, वरचे दात झाकून. तेव्हा मुंगीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही, पुसण्याच्या नादात तिला काही हुकवायचं नव्हतं.

"परत दाखव," ती म्हणाली. "पहिल्यापासून. कपाटापासून."

त्याची बस येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने हॉर्नही दिला. भावाने उठून मागची धूळ झटकली, गेटच्या खांबापाशी गेला, खांब म्हणजे कपाट समजून त्याला हात टेकला, आणि पुन्हा निघाला.